पोत्यात शिवलेला कॉम्प्युटर

साल २०२४. त्या वर्षी नगर जिल्ह्याचं नाव कागदोपत्री बदललं, आणि दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच पारनेरच्या छबूबाई औटींनी घर बदललं. जिल्ह्याला नाव बदलताना एकही भांडं हलवावं लागलं नाही. छबूबाईंना मात्र त्रेचाळीस वर्षांचा संसार उचलून सावेडीत, मुलाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर न्यायचा होता. त्यातही मुहूर्त निवडला तो विधानसभेच्या प्रचाराचा. तालुक्यातले सगळे टेम्पो भोंगे लावून मतदारांना नमस्कार करत फिरत होते. सामान वाहायला कोण रिकामं?

छबूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अडतीस वर्षांत नऊ गावं केली. तेव्हा बदली झाली की एक ट्रंक, एक वळकटी, पाटा-वरवंटा आणि देवांची डबी एवढं एसटीच्या टपावर चढवलं की झालं घर. आता निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, कुणी बदलीही केली नाही, तरी टेम्पो एक पुरेना. माणसं कमी होत जातात तसं सामान वाढत का जातं, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांना काळजी एकाच वस्तूची होती. कॉम्प्युटरची.

तो काही फार दांडगा नव्हता. काळा उभा डबा, एक चपटा पडदा, आणि अक्षरं पुसट झालेला कीबोर्ड. पण त्याच्या पोटात छबूबाईंची यादी होती. निवृत्तीच्या आधीपासून त्या सोयरिका जुळवायच्या. धंदा नव्हे, लग्न जुळलं की एक नारळ घ्यायच्या, तोही देवळात ठेवायच्या. पारनेरपासून राहात्यापर्यंतची सहाशे बारा मुलं-मुली त्या यादीत ओळीनं उभी होती: नाव, उंची, देवक, मामाचं आडनाव, शिक्षण, जिरायत किती, बागायत किती. आणि शेवटचा रकाना होता शेऱ्याचा. प्रगतिपुस्तकात अडतीस वर्षं शेरा लिहिलेला हात. निवृत्तीनंतर तो थांबेल कसा?

हा रकाना त्या कुणाला छापून देत नसत. मुलीचे आईबाप आले की पडदा आपल्याकडे वळवून वाचायच्या आणि तोंडी सांगायच्या. “मुलगा निर्व्यसनी आहे असं मुलगाच सांगतो.” “जमीन सांगितली सहा एकर, त्यातली चार काकाची.” “सासू फार चांगली, सगळे म्हणतात. वारली.” लोकांचा बाईंवर विश्वास होता तो या रकान्यामुळे.

ओळ पाचशे सतरा. हर्षल, मुक्काम राहाता, जनावरांचा डॉक्टर. शेरा: “मुलगा बरा. आईकडे बघून बोलतो. बाप आबासाहेब, बोलणं पेरूसारखं गोड. ‘तुमच्या मनाला येईल ते द्या’ म्हणतो आणि यादी स्वतःच्या मनात ठेवतो. आधीची सोयरीक चारचाकीवरून मोडली.”

हे त्यांनी तीन वर्षांपूर्वी भलत्याच मुलीसाठी लिहिलं होतं. यंदा हाच हर्षल डेंग्यूचं रक्त तपासायला नगरच्या लॅबमध्ये गेला, आणि रक्त काढायला होती छबूबाईंची नात अश्विनी, मुलगा सुनीलची लेक. पुढचं दोघांनी परस्पर ठरवलं. आता रविवारी, सतरा नोव्हेंबरला, सावेडीच्या नव्या घरात बैठक होती.

आणि साऱ्या तालुक्याच्या पोरींना तोंडावर खरं सांगणाऱ्या छबूबाईंनी आपल्या नातीला त्या ओळीतलं अक्षरही सांगितलं नव्हतं. नातीला सव्वीस पूर्ण झाली होती, मुलगा खरंच बरा होता, आणि स्वतःच्या घरात गप्प बसण्यासाठी माणसाला एवढी कारणं पुष्कळ होतात. शेरा पुसून टाकायचंही त्यांच्या मनात चारदा आलं. पण दिलेले गुण त्यांनी शाळेतही कधी खोडले नव्हते. म्हणून रविवार पार पडेपर्यंत कॉम्प्युटर कुणी उघडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कॉम्प्युटर फुटला असता तरी त्या वेळी त्यांना फार दुःख झालं नसतं.

शुक्रवारी सकाळी बांधाबांध सुरू झाली. तज्ज्ञ दोन होते. पहिले त्यांचे यजमान राधाकृष्णराव. खरेदी-विक्री संघाच्या गोडाऊनवर एकतीस वर्षं गोडाऊनकीपर. जगातली प्रत्येक वस्तू पोत्यात भरून थप्पीला लावता येते यावर त्यांची श्रद्धा. दुसरा ज्ञानेश्वर, छबूबाईंच्या भावाचा मुलगा. वय एक्केचाळीस, बाजारपेठेत सातबारा आणि दाखले काढून देण्याचं दुकान, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं घराण्यात त्यालाच कळतं असं त्यानंच ठरवलेलं.

“आत्या, याचा मूळ खोका कुठं हाय? थर्माकोलसकट?”

खोक्यात बारा वर्षं कुरडया होत्या. थर्माकोलचा सुनीलनं गणपतीसमोर केदारनाथ केला होता. त्याला बक्षीस मिळालं, नंतर सरकारनं थर्माकोलवर बंदी आणली, आणि केदारनाथाचा अर्धा कळस अजून फ्रिजच्या पायाखाली होता.

“खोक्याची गरजच न्हाई,” राधाकृष्णराव म्हणाले. “मी हाय ना. युरियापासून काचसामानापर्यंत समदं पाठवलंय. एक तक्रार न्हाई आली.”

“मामा, युरिया फुटतो कुठं?”

“तू दाखले काढ.”

छबूबाईंनी वायरी स्वतः काढल्या. कुठली वायर कुठल्या भोकात जाते हे लक्षात राहावं म्हणून वायरीच्या टोकाला आणि भोकाच्या कडेला एकेक टिपका लावला: एकीला हळदीचा, एकीला कुंकवाचा, एकीला बुक्क्याचा, चौथीला अष्टगंधाचा. दसऱ्याला पूजा होतेच, आता महिन्यानं पुन्हा झाली तर काय बिघडलं.

पण त्याआधी एक घोळ होऊन गेला होता, आणि तो त्यांना ठाऊक नव्हता. सकाळी चहा झाल्यावर ज्ञानेश्वर म्हणाला होता, “आत्या, हलवाहलवीत डिस्क उडाली म्हंजे? आधी बॅकअप घ्याया पायजे.”

“काही उडत नाही. तू हात लावू नकोस.”

“बरं,” तो म्हणाला. आणि बाई शेजारी कडूबाईंचं पातेलं परत द्यायला गेल्या त्या पंधरा मिनिटांत त्यानं हात लावला.

ते कळलं दुपारी बाराला. तोवर राधाकृष्णरावांनी काळ्या डब्याला आधी गोधडी, मग चादर, मग दुहेरी गोणपाट गुंडाळून दाभण-सुतळीनं चारी बाजूंनी शिवून टाकलं होतं, आणि गोडाऊनमध्ये हमालांसाठी लिहायचे तसं निळ्या शाईनं लिहिलं होतं: “हूक मारू नये.” टेम्पोवर दोर आवळता आवळता ज्ञानेश्वर मोठ्या मनानं म्हणाला, “आत्या, आता रस्त्यात काय बी होऊ द्या. तुमची यादी सेफ हाय.”

“म्हणजे?”

“बॅकअप घेतला ना. पेनड्राईव्ह नव्हता, मग वॉट्सॅपवर टाकला. पेनड्राईव्ह हरवतोय आत्या, ग्रुप न्हाई हरवत.”

“कुठल्या ग्रुपवर?”

“आपल्याच. ‘आपली माणसं’.”

‘आपली माणसं’ या ग्रुपवर दोनशे चाळीस माणसं होती. त्यातली निम्मी स्वतः त्या यादीत होती, उरलेल्या निम्म्यांची मुलं होती. आणि दसऱ्याला छबूबाईंची सून पंकजा हिनं, आता घरचेच झाले म्हणून, राहात्याच्या आबासाहेबांनाही त्यात घेतलं होतं.

छबूबाई टेम्पोच्या फाळक्याला धरून उभ्या राहिल्या. “काढ ते. आत्ताच्या आत्ता.”

ज्ञानेश्वरनं फोन काढला, बोट दाबून धरलं, काहीतरी टिचकी मारली आणि हसला. “काढलं. दिसत बी न्हाई आता.”

“कुणाला दिसत नाही?”

त्यानं पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं. हसू हळूहळू उतरलं. फोन म्हणत होता की फाईल फक्त त्याच्या स्वतःपुरती काढली आहे. आता साऱ्या ग्रुपमध्ये ती यादी न दिसणारा ज्ञानेश्वर हा एकमेव माणूस होता.

“ज्ञाना,” राधाकृष्णराव दोर सोडून म्हणाले, “मी एवढं शिवलं ते कशापायी?”

नगरला जाताना पडद्याला सुनीलच्या गाडीत पुढची सीट मिळाली, सीटबेल्टसकट, काच पाठीकडे करून. पोतं राधाकृष्णरावांच्या मांडीवर. छबूबाई मागे लोणच्याच्या दोन बरण्यांमध्ये. भाळवणी मागे पडली तरी ‘आपली माणसं’वर अक्षर नव्हतं. ज्या ग्रुपवर पहाटे पाचपासून फुलं, देव आणि सुविचार यांची रांग लागायची, तिथं चार तास शुकशुकाट. दोनशे चाळीस माणसं वाचत होती. एवढं वाचन त्या गोतावळ्यात यापूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते घडवून आणणारी शिक्षिका निवृत्त होती.

मग फोन सुरू झाले. पहिला कडूबाईंचा, ज्यांचं पातेलं परत करण्यात हे सगळं झालं.

“बाई, माझ्या पोराचं तुमी साफ चुकीचं लिवलंय. कोन म्हनतं त्यो उठत न्हाई? धाला उठतो की! पन त्या वाल्मिकच्या पोराचं लिवलंय ना, ते अक्षरानं अक्षर खरं हाय बघा.”

पाच मिनिटांनी वाल्मिकचा. त्याच्या मते कडूबाईच्या पोराचा शेरा पटण्यासारखा होता, स्वतःच्या पोराचा मात्र गैरसमजातून झालेला. सावेडी येईपर्यंत एकवीस फोन आले आणि छबूबाईंना कळलं की सहाशे बारा शेऱ्यांपैकी सहाशे अकरा बरोबर आहेत. चुकतो तो फक्त फोन करणाऱ्याचा. ज्ञानेश्वरनंही टेम्पोत बसून कुणाच्या तरी फोनवर आपली जुनी ओळ शोधली: “उत्साही. न सांगितलेलं काम आधी करतो.” त्यानं ती दोनदा वाचली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “आत्याला मानूस लई कळतं.”

एक फोन तेवढा आला नाही. राहात्याचा.

शनिवारी सकाळी नव्या स्वयंपाकघरात छबूबाई फळीवर डबे लावत होत्या, तेव्हा अश्विनी येऊन ओट्याला टेकली.

“आजी, तुला माहीत होतं.”

“डबा दे तो. मिठाचा.”

“तुला तीन वर्षांपासून माहीत होतं. कडूबाईंच्या पुतणीला तू सांगितलंस, म्हणून तिनं नकार दिला. मला का नाही?”

छबूबाईंनी डबा स्वतःच घेतला. “मुलगा चांगला आहे.”

“मी मुलाचं विचारत नाहीये.”

“सव्वीस पूर्ण झाली तुला, अशू. वाटलं, आता कशाला मोडता घालायचा.”

“म्हणजे इतरांच्या पोरींना खरं, आणि घरच्या पोरीला वय.” अश्विनीनं फोन पुढे केला. “माझीही ओळ आहे यात. तीनशे चार. शेरा कोरा आहे. सहाशे बारा माणसांत एकटीचाच. मला काय समजू मी?”

वर्गात कुणी असा प्रश्न विचारला की छबूबाई त्याला बाकावर उभं करायच्या. इथं बाक नव्हता, आणि उभ्या त्याच होत्या.

“लग्न करायचं की नाही ते मी ठरवीन,” अश्विनी म्हणाली. “फक्त उद्या तू खोटं बोलू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही.”

रविवारी अकराला आबासाहेब आले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात पेरूंची पेटी, बरोबर पत्नी, हर्षल आणि दोन पाहुणे. बसले, पाणी घेतलं, फ्लॅटचं कौतुक केलं, प्रचाराच्या भोंग्यांना नावं ठेवली. पोहे आले, तरी यादीचा उल्लेख नाही. छबूबाईंना वाटलं, वाचलं नसावं. सुनीलला वाटलं, वाचून सोडून दिलं असावं. आबासाहेबांनी लिंबू पिळलं आणि सावकाश म्हणाले:

“बाई, तुमचं अक्षर लई आवडलं आमाला. पाचशे सतरा नंबर.”

पोह्यांचे चमचे थांबले.

“आमी पेरूसारखं गोड बोलतो. बरं. आमच्या मनात यादी आसती. बरं. जिल्ह्यानं वाचलं. आता पाव्हन्यांनो, मला काय नको. गाडी नको, भांडं नको. एकच मागनं हाय.” त्यांनी ताटली खाली ठेवली. “त्यो शेरा पुसायचा. आत्ता, हितं, आमच्या डोळ्यादेखत. आन् तिथं ‘घरानं उत्तम’ लिवून ग्रुपवर टाकायचं. मंग साखरपुड्याची तारीख काढू. न्हाई तर हे पेरू तेवढे ठिवून घ्या.”

सुनील घाईनं म्हणाला, “हो हो, टाकू की. आई, काय अवघड आहे त्यात?”

छबूबाईंनी अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी आजीकडेच बघत होती, आणि हर्षल आईकडे.

“कॉम्प्युटर पोत्यात आहे,” छबूबाई म्हणाल्या.

“मंग काढा,” आबासाहेब म्हणाले.

अशी सावेडीच्या त्या फ्लॅटमध्ये, सोयरिकीच्या बैठकीत, सर्व पाहुण्यांसमोर कॉम्प्युटरची उकल झाली. राधाकृष्णराव एकेक टाका उसवू लागले. सुनील म्हणाला, “बाबा, कात्री घ्या.” ते म्हणाले, “सुतळी वाया जाती.” अर्ध्या तासानं पाहुण्यांपैकी एकानं स्वतःच कात्री आणून पोतं कापलं, तेव्हा राधाकृष्णरावांचा चेहरा पाहवत नव्हता. गोणपाटाचे दोन थर, चादर, गोधडी. आतला डबा असा निघाला, जणू आत्ताच दुकानातून आलाय. हळदीची वायर हळदीला, कुंकवाची कुंकवाला, बुक्क्याची बुक्क्याला. आबासाहेबांच्या पत्नी न बोलता खाली बसल्या आणि अष्टगंधाची वायर त्यांनीच लावली.

बटण दाबलं. पंखा घुरघुरला. पडदा उजळला.

“बगा,” राधाकृष्णराव म्हणाले, “एक वरखडा न्हाई.” आणि ते खरंच होतं. बाहेरून काही आत गेलं नव्हतं. जे आत होतं ते बाहेर गेलं, ते काही त्यांच्या खात्यातलं नव्हतं.

ओळ पाचशे सतरा. छबूबाईंनी चष्मा लावला. सगळे त्यांच्या पाठीशी उभे, वर्गात तपासनीस आल्यासारखे. त्यांचं बोट पुसण्याच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. एक ओळ पुसली की नातीचं लग्न. एवढं स्वस्त काम त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी बोट उचललं, शेऱ्याच्या शेवटी गेल्या आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: “दिनांक १७-११-२०२४. सर्वांसमोर सांगितलं, काही नको. लग्नापर्यंत बघू.”

“हे काय?” आबासाहेबांचा आवाज चढला. “मी पुसायला सांगितलं!”

“आबासाहेब, मागचं लिहिलेलं मी पुसत नाही. पुढचं लिहिते. तुम्ही आज बोललात ते लिहिलं. आणखी चांगलं वागलात तर तेही लिहीन. जागा पुष्कळ आहे.”

“चला रे,” आबासाहेब उठले. “हर्षल, ऊठ.”

हर्षल उठला नाही. त्यानं सवयीनं आईकडे बघितलं. खाली, वायरींच्या जवळ बसलेल्या त्या बाई सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला.

“बसा वो. काय खोटं लिवलंय त्यात?”

त्यांनी बोटाला लागलेलं अष्टगंध पुसलं.

“ती आधीची पोरगी मला पसंत हुती,” त्या म्हणाल्या. “गाडीपायी गेली. तवा मी बोलले न्हाई. आता ही बी घालवायची का? बसा. पोहे गार झाले.”

आबासाहेब दाराकडे बघत राहिले, मग पाहुण्यांकडे, मग पडद्याकडे, जिथं त्यांचं ‘काही नको’ तारखेसकट चमकत होतं. मग बसले. हर्षल पहिल्यांदाच कुणाकडेही न बघता बोलला, “बाबा, मला गाडी नकोच. माझं काम गोठ्यात असतं.”

“आणि तुमचं काय?” आबासाहेबांनी अश्विनीला विचारलं, जरा तुटकच.

“मला पसंत आहे,” अश्विनी म्हणाली. “शेरा राहू द्या. त्यामुळेच आज सगळे खरं बोलले.”

लग्न फेब्रुवारीत नगरला झालं. आबासाहेबांनी खरोखर काही मागितलं नाही. फक्त जेवणावळीत मठ्ठ्याला, जिलेबीला आणि मांडवाच्या रंगाला नावं ठेवली, आणि छबूबाईंनी तसं तारखेसह नोंदवलं. पुढे त्यांनी स्वतःच चारचाकी घेतली. ती चालवायला शिकल्या त्यांच्या पत्नी, आणि आबासाहेब शेजारी बसून ब्रेक कुठं दाबायचा ते सांगतात. त्या ऐकत नाहीत.

हर्षल आता आईकडे न बघता बोलतो. अश्विनीकडे बघून बोलतो. अश्विनीनं राहात्याला स्वतःची लॅब काढली. कडूबाईंच्या पुतणीनं तिला अहेरात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हसत म्हणाली, “मी नाकारलेला नवरा तुला लाभू दे.” कडूबाईंच्या पोराचं लग्न जुळलं, मुलीनं शेरा वाचला होता, त्यामुळे तो दहाला उठतो याचा तिला धक्का बसला नाही. वाल्मिकनं ग्रुप सोडला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, कारण बाकीचे काय लिहितात ते कळेना.

ज्ञानेश्वरला ग्रुपच्या कारभारातून काढलं. आठवड्यानं परत घेतलं, कारण नवीन माणसं आत कशी घ्यायची ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. त्याच्या दुकानावर आता पाटी आहे: “सुरक्षित बॅकअप घेऊन मिळेल.” गिऱ्हाईक बऱ्यापैकी आहे.

राधाकृष्णराव सोसायटीत कुणी घर बदललं की दाभण घेऊन जातात. कापलेलं ते पोतं त्यांनी पुन्हा शिवलं आणि गच्चीत कुंडीखाली घातलं.

आणि छबूबाईंना वाटलं होतं, आता कुणी आपल्या दारात पाय ठेवणार नाही. झालं उलटंच. त्या उन्हाळ्यात यादी सहाशे बारावरून सातशेवर गेली. लोक तिसरा मजला चढून येतात, धापा टाकत बसतात, मुलाचा कागद पुढे करतात आणि पहिलं वाक्य एकच असतं, “बाई, जे असंल ते लिवा. पन आमच्यासमोर लिवा.” छबूबाई चष्मा पुसतात, पडदा त्यांच्याकडे वळवतात आणि लिहायला घेतात. कुणी ‘थोडं चांगलं लिहा’ म्हटलं, तर शाळेत गुण वाढवून मागणाऱ्या पोरांना विचारायच्या तसं विचारतात, “पेपर कुणी लिहिला?”